गुडघ्याएवढं कुंपण

टेंभी नाका, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास आत्याचे भरपूर आशीर्वाद.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून लिहिते. तुझ्या बाबांकडून, मधूकडून, कळलं की तुमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेला सोसायटी आठ फुटी भिंत घालणार आहे आणि विरोध फक्त माझ्या भाचीचा आहे. अगं, तिथेच गेल्या एप्रिलमध्ये चाळीतल्या त्या विकीने आपल्या शौनकच्या पोटात चाकू खुपसला. पाठचा भाऊ मरता मरता वाचला, आणि तू तिथे फुलझाडं लावत बसलीस?

आमच्या समोरच्या इमारतीत दोन खोल्यांची जागा भाड्याने मिळते आहे. तुम्हा तिघांना पुरेल. मालकाला मी थांबवून ठेवलं आहे. मधू तयार आहे, पण तुझ्याशिवाय हलणार नाही म्हणतो. इंजिनिअर झालं म्हणजे मोठ्यांचं ऐकायचं नाही असं काही नसतं हो. लवकर उत्तर पाठव, आणि टेंडरसारखं लिहू नकोस.

तुझी काळजी करायची सवय न सुटलेली,
मंदाआत्या

आंबिवली
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मंदाआत्यास सा. नमस्कार.

फुलझाडं लावलेली नाहीत. काय केलं ते सांगते. टेंडर वाटलं तर वाटू दे.

शौनकवर हल्ला झाला तेव्हा त्या जागेत राडारोडा होता आणि माणसाच्या उंचीची घाणेरीची झुडपं. एका बाजूला आमची इमारत, दुसऱ्या बाजूला चाळ, आणि दोन्हीकडच्या खिडक्यांतून मधलं काही दिसत नव्हतं. म्हणूनच पोरं तिथे दारू प्यायला बसायची. पावसाळ्यापूर्वी मी राडारोडा उचलून घेतला, घाणेरी काढली, हिरवळ लावली. करंजांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटल्या. कुंपण गुडघ्याएवढं, वाट दोन्हीकडून. आता आमच्या खिडकीतून चाळीतल्या माणसाच्या हातातला कप दिसतो.

फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवर हेच करून पाहिलं आणि आसपासचा गोळीबार कमी झाल्याचं संशोधकांनी मोजलं. आंबिवली म्हणजे फिलाडेल्फिया नाही, हे तू लिहायच्या आधी मीच लिहिते. पण इथेही त्यानंतर मारामारी झालेली नाही.

चेअरमन देवरामकाका म्हणतात, बाग राहू दे, फक्त चाळीच्या बाजूने भिंत घालू. पण आमच्याकडे पाणी टँकरचं. हिरवळीला पाणी येतं ते चाळीच्या बोअरवेलचं; तिथली एक बाई रोज संध्याकाळी पाईप लावते. भिंत घातली की पाणी बंद, हिरवळ जळणार, माणसं यायची थांबणार आणि पुन्हा राडारोडा पडणार. या वेळी भिंतीआड.

नवरात्रात तू रात्री एकटी नाक्यावर देवीला जाऊन येतेस. तिथे तुला कोण सांभाळतं, भिंत की माणसं?

जागामालकाला माझ्यासाठी थांबवू नकोस. राग ओसरला की लोभ असू दे.

ऋजुता

टेंभी नाका, ठाणे
२ मार्च २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद, पण रागाने.

पाईप लावणारी ‘एक बाई’ कोण, ते आज मधूने सांगितलं. रसिका, विकीची आई. झाडाच्या फांद्या किती छाटल्या ते लिहिलंस, आणि नेमकं हेच गाळलंस. त्या घरचं पाणी तुला चालतं कसं?

त्यात आता विकीला जामीन मिळाला म्हणे. भिंत तरी घालू दे, नाहीतर निघून ये. शौनकला पुन्हा हॉस्पिटलच्या खाटेवर बघण्याची माझ्यात ताकद नाही. दुसरं काही लिहवत नाही.

मंदाआत्या

आंबिवली
११ मार्च २०२५

ती. मंदाआत्यास नमस्कार.

नाव मुद्दाम गाळलं. लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस.

बोअरवेलच्या मोटरचं बटण रसिकाच्या दाराशी आहे, म्हणून तिच्याकडे गेले. माफ करायला गेले नव्हते. अजूनही केलेलं नाही. पाणी हवंय, एवढंच म्हटलं. तिने विचारलं, तुझा भाऊ तिथे बसतो का. अजून नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने पाईप टाकला. आम्ही फारसं बोलत नाही. पण ती तासभर तिथे असते, म्हणून चाळीतल्या बायका भाजी निवडायला येतात, आमच्याकडचे आजोबा लोक येतात. बाटल्या घेऊन आलेल्या दोघांना तिनेच हाकललं. काय शब्द वापरले ते तुला लिहिण्यासारखे नाहीत.

विकीने या भागात पाऊल ठेवायचं नाही अशी जामिनाची अट आहे. तो खडवलीला मामाकडे असतो. तरी देवरामकाकांनी गेल्या आठवड्यात मीटिंग बोलावली. दुसऱ्या मजल्यावरचा मयूर म्हणाला, भिंतीवर काचा पण ठोकू. माझा नकाशा कोणी उघडलासुद्धा नाही. मग शौनक उठला. आजवर तो एकाही मीटिंगला आला नव्हता. म्हणाला, चाकू लागल्यावर मी झुडपात किती वेळ पडून होतो ते मलाच माहीत. इतक्या खिडक्या होत्या, पण एकालाही दिसलो नाही. भिंत घाला, फक्त पुढचा पडला तर तो कोणाला दिसणार ते आधी सांगा.

देवरामकाका म्हणाले, बरं, भिंत घालत नाही, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. मी लिहून दिलं, माझी.

आम्ही ठाण्याला येत नाही. बाबांनी काल मालकाला स्वतः फोन करून कळवलं. पुन्हा काही होणार नाही अशी हमी मी देत नाही. भिंतही देत नाही.

शनिवारी संध्याकाळी ये. रसिका तिथे असेल. तिच्याशी बोलायलाच हवं असं नाही. शौनकही असेल. मीटिंग झाल्यापासून तो रोज तिथे बसतो. तिच्याकडे पाठ करून बसतो, पण बसतो.

लोभ ठेवावास. ठेवला नाहीस तरी शनिवारी यावंस.

ऋजुता