तिच्या दंडातला जोर

अण्णा,

उद्या दिंद्रुडला एका मुलीचं लग्न आहे. आज सकाळी धाकट्या भावानं फोनवर ते पक्कं सांगितलं. तुमच्यामागे ऊसतोड टोळीची मुकादमकी तोच करतो. मुलगी दहावीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे. तिची आई माझ्या वेळी आमच्या संघाची पिचर होती. परवा टोळीचे ट्रक कर्नाटकात निघतील. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटा मुलगा म्हणजे अर्धा. म्हणून हंगामाच्या तोंडावर अशी लग्नं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार?

मी सध्या बेसबॉलवर पुस्तक लिहिते आहे. हा खेळ कुठल्या मुलखात कसा रुजला, त्याचा शोध घेते आहे. जपानमध्ये मोठ्या स्पर्धेत हरलेली शाळकरी मुलं मैदानातली मूठभर माती घरी घेऊन जातात. कॅरिबियन बेटांवर तर साखर कारखान्यांचेच संघ असायचे. ऊसतोडीवरची माणसं त्यांत खेळायची, आणि ज्याचा हात चांगला त्याला कारखाना हलकं काम द्यायचा म्हणे. हे वाचलं आणि पुढचं प्रकरण अडलं. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढली, कधी मजकूर उशिरा दिला नाही. हा दिला.

शाळेचं मैदान डोळ्यांसमोर येतं. सरांनी तुम्हाला नारळ फोडायला बोलावलंय. ती चेंडू टाकते, मी बॅटवालीच्या मागे बसून झेलते. माझा तळवा सुजलाय. ती लांबून ओरडते, "ए मुकादमाची, झेलतीस का रडतीस?" सगळं मैदान हसतं. तुम्हीही हसता. समोरच्या मुलीला बॅट लावता येत नाही, ती बाद होते, आणि तुम्ही सरांना म्हणता, "लई जोर हाय पोरीच्या दंडात." सर खूश होतात. त्यांना वाटतं, तुम्ही खेळाबद्दल बोलताय.

त्या संध्याकाळी चुलीपुढे जेवताना तुम्ही तेच आईला सांगितलंत. "असा हात शाळेत कावून सडवायचा? आपल्या टोळीत एक पोरगं अर्ध्या कोयत्यावर हाय. जमवून टाकू."

"अवो, ल्हान हाय ती," आई म्हणाली.

"तोडीला गेली की हुती मोठी."

मी शेजारी बसून भाकरी कुस्करत होते. दिवाळीआधी तिचं लग्न लागलं. जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. मी रडत होते म्हणून तुम्ही लातूरहून मला चामड्याचा ग्लोव्ह आणलात. तो अजून माझ्या कपाटात आहे. वास गेला नाही त्याचा.

मागच्या महिन्यात पुस्तकासाठी तिला भेटायला गेले. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून तिचा उजवा खांदा गेलाय. "हात वरच जात न्हाई गं," ती म्हणाली. "येणी बी पोरगीच घालती माझी." मग दाराकडे बघून हळूच, "नवऱ्यानं मुकादमाला शब्द दिऊन टाकलाय. तू भावाला सांग. तुझं ऐकंल त्यो. एवढी दहावी हू दे हिची."

मी त्याला सांगितलं. आजही सांगितलं. तो हसला. "आक्का, तू आपलं पुस्तक लिही. अण्णांनी असे कोयते जुळवले नसते, तर तू पुण्यात शिकली असतीस का?"

तो खरं तेच बोलतोय.

दुपारी मी बालविवाहाच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी माझं नाव विचारलं, तर माहेरचं आडनाव लावून पूर्ण नाव सांगितलं. उद्या सकाळी ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोचतील, असं तिकडून कळवलंय. धाकट्याला आधी कुणकुण लागली, तर तो ट्रक लवकर काढील आणि अक्षता कारखान्याच्या गेटवर पडतील. तुम्हीही एका हंगामात तसंच केलं होतं.

हे पत्र कुठेच जायचं नाही. मांडव मोडो की ट्रक निघो, उद्या धाकट्याचा फोन येणार हे नक्की. तो घेताना खुर्चीवर बसून राहायचं, एवढं ठरवलंय. कारण आज त्या हेल्पलाइनवाल्या बाईशी बोलताना मी उठून उभी राहिले होते, तुम्ही घरात शिरलात की राहायचे तशी. उद्या बसून राहणं जमेलच, असं नाही.