व्हरांड्यातूनच सुरू होणारी कविता

गुरुजी, आधी तुमच्या चपलांची फटफट यायची आणि तिच्यामागून कविता. वर्ग अजून लांब असायचा, आणि तुम्ही व्हरांड्यातूनच खड्या आवाजात पहिली ओळ धरायचात. दारात पोचेपर्यंत दुसरं कडवं. तोवर आमच्या चिठ्ठ्या, चिंचा, गोट्या, सगळं दप्तरात गडप. एकदा हेडमास्तरांनी आमच्यादेखत तुम्हाला टोकलं, "हळूच येत जा ना गुरुजी, म्हणजे पोट्टे सापडतीन." तुम्ही हसलात. "मी का शिपाई हाओ साहेब? लपवून राहिले म्हणजे चूक काय ते त्यांले समजते. लपवणं सोडतीन त्या दिवशी मले सांगा."

हे मी माझ्या मुलाला इतक्यांदा ऐकवलंय की मी "आमचे गुरुजी" म्हटलं की तो हात जोडतो. आणि केलंय काय त्याने? माझ्या नातीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली. तिच्या फोनवरचा प्रत्येक मेसेज याच्या लॅपटॉपवर उमटतो आणि तिला पत्ता नाही. ना चपला, ना कविता. ऑफिसात बसून डबा खाता खाता हा पोरीचं मन वाचतो! मी चिडलो की म्हणतो, "बाबा, तुमच्या टाइमले चिंचा होत्या. तिच्या वर्गातल्या पोरीले कोण्या अनोळखी माणसानं फोटोवरून किती छळलं, अन् बापाले सगळ्यात शेवटी कळलं. मले तसा बाप नाही व्हायचं." यावर मी आणखीच चिडतो. भीती खरी आहे हो. पण म्हणून चोरपावलांनी यायचं?

परवा जेवताना हद्द झाली. पोळी मोडता मोडता हा म्हणाला, "ते आर्ट्सचं भूत डोक्यातून काढ." पोरीचा घास हातातच राहिला. सायन्स नको, हे तिने मैत्रिणीला लिहिलं होतं, आणि घरात फक्त मला सांगितलं होतं, गच्चीवर कपडे वाळत घालताना. तिने बापाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगितलं ना, आबा?" मी मुलाकडे बघतोय, आणि हा वरणात तूप शोधतोय! तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी मी त्याला दारातच अडवलं. "संध्याकाळपर्यंत तू तिला सांग, नाही तर मी सांगतो." "काहून तमाशा करून राहिले बाबा," म्हणत त्याने स्कूटरला किक मारली.

एक तुम्हालाच सांगतो, कारण हा कागद कुठेच जायचा नाही. सुरुवातीला त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी "छे, छे" म्हणालो आणि चष्मा लावला. तिने लिहिलं होतं, आबांनी कविता सुरू केली की मी पाणी प्यायला उठते. खरंच उठते. आता ती उठली की माझी ओळ मध्येच तुटते, आणि तिला वाटतं आबा विसरले.

खाली स्कूटर थांबली. एवढ्या उन्हात, भर दुपारी हा कधी येत नाही. किल्ली असते त्याच्याकडे, मांजरासारखा आत शिरतो एरवी. आज जिन्यापासूनच खाकरतोय, चांगला मोठ्याने, कूलरच्या घरघरीतही ऐकू येईल असा. चपला माझ्या खोलीवरून पुढे गेल्या, नातीच्या बंद दारापाशी थांबल्या.

"येऊ काय वं आत?"

तो दार ढकलत नाही. उभाच आहे.