सातव्या रकान्यातलं नाव

बारामती
रविवार, ७ डिसेंबर १९९७

आदरणीय आक्का,
सप्रेम जयभीम. दाजींनाही सांग.

ज्योत्स्ना, तू आता बारावीत आहेस, तेव्हा मामाचं अक्षर लागायला हरकत नाही. आईला मोठ्यानं वाचून दाखव. आणि बाळा, अवघड वाटलं म्हणून मधलं काही गाळू नकोस.

इकडं सगळं ठीक चाललंय. जूनपासून मी मराठीचा विभागप्रमुख झालो, हे दाजींकडून कळलं असेलच. विभाग म्हणजे मी, आणखी दोन प्राध्यापक आणि किल्ली हरवलेलं एक कपाट. पण दारावर पाटी लागली आहे. मागच्या महिन्यात मोरगावला पोरांचं श्रमदान शिबिर झालं. आठ दिवस माती ओढून माझी कंबर धरली, आणि पोरं म्हणतात, सर, तुम्ही नुसती शिट्टी वाजवत होता. आता गॅदरिंगची धांदल सुरू आहे. काल सहा डिसेंबर, म्हणून कॉलेजात अभिवादनाचा कार्यक्रम होता. मी पाऊण तास बोललो. टाळ्याही पडल्या. खाली उतरताना एकदम वाटलं, आक्का असती तर म्हणाली असती, "लई लांबवलंस की रं."

मोठी बातमी अशी, की प्रबंधाचं पुस्तक होतंय. जात्यावरच्या ओव्यांवरचा तोच, ज्याच्यासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन तुझ्या ओट्यावर ठाण मांडून बसायचो. प्रुफं आली आहेत, शुक्रवारपर्यंत पुण्याला परत पोचवायची. सगळी तपासून झाली, फक्त एक पान राहिलंय. ते आठ दिवस टेबलावर पडून आहे. त्याचं सांगतोच, पण आधी दुसरंच सांगतो.

शब्द ताडून बघायला म्हणून तुझ्या कॅसेट पुन्हा लावल्या. अकरा आहेत. ताडायचं राहिलं बाजूला आणि भलतंच ऐकत बसलो. दोन ओव्यांच्या मध्ये तू बोलतेस. "आरं, ती पट्टी गुतली बघ." "च्या निवला तुझा." "जेवल्याबिगर जायचं न्हाय हां." हे मी तेव्हा उतरवून घेतलं नव्हतं. आमच्या संशोधनाची रीतच ती, गाणं तेवढं घ्यायचं, बाकीचं गाळायचं. आज चार वर्षं झाली, तू मला यातलं काही म्हणाली नाहीस. परवा ती कॅसेट पाच वेळा मागं फिरवली. शेवटी तुझी भावजय आत येऊन बंद करून गेली. लई आठवण येते तुझी, आक्का. हे पहिल्या ओळीत लिहायचं, तर इतक्या खाली येऊन लिहितोय.

आता त्या पानाचं. ज्योत्स्ना, थांबू नकोस.

ज्या बायांनी ओव्या सांगितल्या त्यांचा शेवटी एक तक्ता आहे. त्यांना आम्ही निवेदक म्हणतो. नावं नाहीत, नुसते क्रमांक. सातव्या रकान्यात असं आहे: 'निवेदक क्र. ७. स्त्री, वय अंदाजे पन्नास, निरक्षर, शेतमजूर.' ही तू. वय म्हणे अंदाजे! मी जन्मलो तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. दीक्षेनंतरच्या साली झालेल्या या भावाचं नावसुद्धा तूच ठेवलंस. सभेत कुणा भन्तेजींच्या तोंडून ऐकून आलीस आणि आईला म्हणालीस, ह्याला संघपाल म्हनायचं. आई मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची.

आणि सगळ्या प्रबंधात ज्या ओवीला परीक्षकांनी मान डोलावली, ती तुझी:

काय सांगू बाई, माझ्या संघपालाचं चालनं
बारामतीच्या वाटंवरी त्याच्या वहानंचं बोलनं

तिच्याखाली तळटीप आहे. 'संघपाल: व्यक्तिनाम. संदर्भ अज्ञात.' आक्का, ही टीप मी लिहिली. माझ्या हातानं.

बाकीचं तुला माहीत आहे, तरी मी एकदा सांगायला हवं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी म्हणालो होतो, तुला काय कळायचं, उगाच पुण्यापर्यंत कशाला येतीस. तरी तू दाजींना घेऊन आलीस आणि मागं बसलीस. मला पत्ता नव्हता. बाहेरगावचे परीक्षक हसून म्हणाले, "गंमत आहे. ओवीतला भाऊ संघपाल आणि संशोधकही संघपाल. या सात नंबरच्या बाई तुमच्या कुणी लागतात का?"

मी म्हणालो, "नाही सर. योगायोग आहे. आमच्यात हे नाव नेहमीचं."

मग मान वर केली, तर दाराजवळच्या बाकावर तू होतीस. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. चहाच्या वेळी शोधलं तर तू निघून गेली होतीस. पिशवी शिपायाजवळ ठेवलेली, त्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. परीक्षकांनी विचारलं, कुठून आली? मी म्हणालो, घरून. त्या दिवशी तेवढं एक खरं बोललो.

चार वर्षं मी मनाला समजावत आलो, की घरच्याच माणसाच्या ओव्या म्हटलं असतं तर प्रबंध अडकला असता. ते खोटं आहे. नातं लपव असं मार्गदर्शक कधीच म्हणाले नव्हते. मला लाज वाटली. स्टाफरूममध्ये मी सांगून ठेवलं होतं, की बहीण शिक्षिका आहे. तुझी लाज वाटली, आक्का. झालं लिहून.

तेव्हापासून तू मला सर म्हणतेस. ज्योत्स्नाच्या दहावीच्या निकालाला आलो, तर "या सर, बसा." लोक म्हणतात तेव्हा छाती फुगते. तू म्हणालीस आणि हातातला पेढा खाववेना.

टीप खोडून टाकली आहे. सातव्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय: सौ. रंगुबाई दत्तोबा मिसाळ, निमगाव केतकी. शाईनं लिहू का, ते तू सांग. नको म्हणालीस तर तुझ्या दोनशे चौदा ओव्या काढून घेईन. मग पुस्तकात फारसं काही राहत नाही, पण ते माझं मी बघीन.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही. तरी म्हणतो.

तुझ्यापुढं कुणीच नसलेला,
संघपाल

---

निमगाव केतकी
बुधवार, १० डिसेंबर १९९७

मामा, जयभीम. आई बोलली तसं लिहिलंय, काही गाळलं नाही. तिनं दोनदा वाचून घेतलं. टपालानं उशीर होईल म्हणून आमचे आबाच एसटीनं घेऊन येतायत.

सर,

पत्र पोचलं. पयल्यांदा पोरीनं वाचलं तवा मी लसूण सोलत हुते. दुसऱ्यांदा हात धुऊन बसले.

तुमाला वाटत आसंल, नंबर दिला म्हनून मला राग आला. नंबराचं काय न्हाय. रोजगार हमीच्या कामावर नंबर आसतो, रेशनला नंबर आसतो. तितं कुनी माझा भाऊ न्हाय. पर तुमी चार मान्सात म्हनला, ही माझी कुनी न्हाय. ते कळाया साळा शिकावी लागत न्हाय. स्वारगेटवर आमी येस्टीला थांबलो हुतो. हे म्हनलं, आगं पोरगं गांगरलं आसंल. मी म्हनलं, गांगरलं तर रडावं, बहिनीला पुसून टाकावं व्हय?

(इथं आई उठून चहा टाकायला गेली. परत येऊन म्हणाली, लिही.)

चार वर्सं भावाची ओवी तोंडात आली न्हाय. खुरपाया गेलं की साखरबाई म्हनायची, रंगू, भावाची म्हन की. मी म्हनायची, सरल्या. सरल्या न्हवत्या. जीभ आडायची.

ओव्या काढायच्या न्हाईत. त्या माझ्या हायत, तुमच्या बापाच्या हायत का काय, काढाया?

(इथं आईच हसली. म्हणाली, बाप तर एकच हाय. मग बराच वेळ हसत होती आणि डोळे पुसत होती.)

तर नावाचं आइक. ते मिसाळ नाव पूस. ह्यांचा मान हाय, त्यास्नी मी इचारलंय. पर ह्या घरात मी सतराव्या वर्साला आले. तुला मांडीवर घिऊन आईच्या मागं जात्याला बसायची, तवा मी मिसाळ न्हवते. तुजं नाव ठिवलं तवाबी न्हवते. पुस्तकावर तू आपल्या बापाचं नाव लावशील, श्रीपती ओहोळ. मलाबी तेच लाव. आन् त्याच्यापुढं काय लिवू नगंस. टीप नगं, खुलासा नगं, बहीन हाय म्हनून सांगू नगंस. ज्येला दोन्ही नावं दिसत्याल, त्येचं त्यो समजंल. तुजा परीक्षकबी समजंल.

माफीचं आत्ताच काय सांगत न्हाय. ती पत्रात द्यायची वस्तू न्हवं. पुस्तक झालं की सोता घिऊन ये, दुसऱ्याच्या हाती पाठवू नगंस. आन् येशील तवा उपाशी ये.

मामा, खाली अंगठा घेते म्हटलं, तर आई नको म्हणाली. माझ्या वहीवर मी नाव काढून दिलं, ते तिनं दुपारभर गिरवलं. आजवर तिनं कुठंच सही केली नव्हती. ही तिची आहे, माझा हात लावलेला नाही.

रंगुबाई श्रीपती ओहोळ