वाघोबाचा दगड दोनशे मीटर पुढे

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिपेशचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

रविवारी संध्याकाळी फार्महाउसवरचं वायरिंगचं काम आटपून तो बाइकने ठाकुर्लीला घरी येत होता. मोहन्याच्या पलीकडे, टेकडीखालच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. तो पडला आणि पाय लोखंडी कठड्यात अडकला. आज शुद्धीवर आहे. पोलिसांना त्याने स्वतःच सांगितलं — ऐंशीच्या वर होतो.

आई त्याच्या उशाशी बसून त्यालाच रागावत होती. "मरायची घाई होती का रे? किती वेळा सांगितलं, हळू चालव!" तो छताकडे बघत होता.

मी म्हणाले, "तिथे चाळीसची पाटी आहे. वन्य प्राण्यांची."

पाय गेलेल्या माणसाला मी पाटी सांगितली!

१३ नोव्हेंबर

ती पाटी मी लावून घेतली होती. इथे लिहून ठेवते, इतरत्र कुठे लिहिणार.

मार्चमध्ये त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं सर्वेक्षण आमच्या ऑफिसकडे आलं. वळणावर वाघोबाचा दगड रुंदीत येत होता. शेंदूर लावलेला, गुडघाभर उंच. गावाला विचारून, नारळ वाढवून तो दोनशे मीटर कल्याणच्या बाजूला हलवला. पाटी त्याच्याच शेजारी. दगडापाशी सगळे वेग कमी करतात — ट्रकवालेसुद्धा एक हात कपाळाला लावतात. म्हणजे पाटी वाचली जाईल, असा माझा हिशोब. ऑफिसात कौतुक झालं होतं; घरी येऊन दिपेशलाही सांगितलं होतं.

१४ नोव्हेंबर

ताप. दिपेशला. झोपेत उजव्या तळव्याला खाज सुटली म्हणून हात खाली नेला, चादर चाचपली. मग हात तसाच ठेवला. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जागेवर गेले. टेप घेऊन. का गेले, ते विचारू नये.

ब्रेकची खूण अजून आहे. साडेसात मीटर. रस्ता कोरडा, टायर बरे. धडकेच्या क्षणी उरलेला वेग सढळ हाताने धरला तरी एकूण पंचेचाळीसच्या वर जात नाही. तीन वेळा आकडेमोड केली. ऐंशी नाहीच!

आणि ही खूण नव्या दगडापाशी नाही. जुन्या जागेवर आहे. पाटी तिथून पुढे, दोनशे मीटरवर. म्हणजे कल्याणकडे येणाऱ्याला आधी डुक्कर आणि नंतर पाटी. कठड्याच्या फटीतून मातीत खुरांची वाट खाली ओढ्यापर्यंत गेलेली आहे. जुनी, घट्ट तुडवलेली वाट.

लाकडं घेऊन आवडाबाई येत होत्या. तिथल्याच पाड्यावर राहतात. मार्चमध्येही भेटल्या होत्या. भारा खाली न ठेवताच म्हणाल्या, "आलीस का गो बाय, मोजायला? देव उचललास, पुढं नेलास. जनावर काय देवाच्या मागं चालत गेलं का?"

मी टेप गुंडाळली.

"पाण्याची वाट हाय ही. आमच्या म्हाताऱ्यांनी देव इथं उगाच नव्हता बसवला. गाडीवाले पाया पडायला हळू व्हायचे, तेवढ्यात जनावर उतरून जायचं. आता पुढं जाऊन पाया पडतात. तवा मी तुला बोलले नव्हते?"

बोलल्या होत्या. घरी येऊन सर्वेक्षणाचा जुना तक्ता काढला. शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर: स्थानिकांची भावना. तांत्रिक हरकत नाही.

१७ नोव्हेंबर

ऑफिसात सुधीर सरांना खूण, मोजमाप, सगळं दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुझ्या भावाने स्वतः कबूल केलंय ना? मग तू कशाला मध्ये पडतेस? अहवालावर सही कोणाची आहे, आठवतंय?"

माझी.

१८ नोव्हेंबर

शेजारच्या शीलाकाकू डबा घेऊन आल्या. जाता जाता आईला — "आजकालची पोरं, वेगाची नशा हो!" आईने मान हलवली. मी पंचेचाळीस हा आकडा सांगायला तोंड उघडलं. सांगितला नाही. पुढचा प्रश्न आला असता — मग चूक कुणाची?

भित्री आहे मी. आजवर स्वतःला काटेकोर म्हणत आले.

२० नोव्हेंबर

पत्र पाठवलं. ऑफिसला, रस्त्याच्या खात्याला, पोलीस चौकीला. दगड मूळ जागी वळणाच्या आतल्या कडेला बसेल. पाट्या दोन्ही बाजूंनी, ओलांडण्याच्या जागेच्या शंभर मीटर अलीकडे. रस्त्यावर वेग रोखणारे खडबडीत पट्टे. ओढ्याकडच्या कठड्यातली फट रुंद. शेवटी: जनावरांची वाट स्थानिकांनी दाखवली होती, ती नोंदवली नाही. निर्णय माझा. वाहनचालकाचा वेग पंचेचाळीसहून जास्त नव्हता.

सही माझी.

२१ नोव्हेंबर

दिपेशला सगळं सांगितलं. दगड, पाटी, पत्र. वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं.

"काय गं ताई," तो म्हणाला, "पाठवायचं नव्हतं ते पत्र."

मी विचारलं, ऐंशी का सांगितलंस?

त्याने भिंतीकडे तोंड केलं. "तो हवालदार सारखा विचारत होता, पाटी एवढी पुढे कोणी लावली."