बॅटरीचे निरोप

२ एप्रिल, बुधवार

माफी असावी, फार उशिरा लिहायला बसलो. दिवाळीनंतर वहीला हातच लावला नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. लिहिलं की ते खरं होईल, अशी भीती वाटायची.

अमेरिकेतल्या या घरात बाप-लेक बोलत नाहीत. माझा मुलगा मिलिंद आणि त्याची मुलगी प्रज्ञा. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलत नाहीत. प्रज्ञाने इंजिनिअरची नोकरी सोडली आणि मासे धरायची गाइड झाली. लोकांना बोटीत बसवून डेट्रॉइट नदीवर नेते, मासा कुठे आहे ते दाखवते. लोक त्याचे पैसे देतात! बोट घरासमोर ड्राइव्हवेत उभी असते. ती हलव असं मिलिंद म्हणत नाही. आपली कार रस्त्यावर लावतो. बर्फातही तिथेच लावली.

मे महिन्यात माझं नागपूरचं तिकीट आहे. हे असंच टाकून जायचं का? छातीत धडधडतं. गॅसेस असतील.

५ एप्रिल, शनिवार

आज गेलो! प्र.च्या, म्हणजे प्रज्ञाच्या, बोटीवर चार सीट, गिऱ्हाईक तीनच. म्हणाली, "आजोबा, चला. घरात बसून काय करताय?" माझं एका दिवसाचं लायसन्स काढलं. मासा धरायलाही लायसन्स लागतं इथे. दोन स्वेटर, त्यावर मिलिंदचं जुनं जॅकेट, त्यावर लाइफ जॅकेट. वाकता येईना.

ट्रॉयहून, म्हणजे आमच्या घरून, नदी तासाभरावर. पात्र केवढं! पलीकडे दिसतो तो कॅनडा. मी आयुष्यभर पाण्याच्या टाकीवर चावीवाला होतो, पाणी पाइपातून येतं एवढंच माहीत. हे पाणी कुणाच्या चावीने चालतं?

रीत अशी. बोट प्रवाहाबरोबर सोडून द्यायची. पुढे टोकाला एक छोटी विजेची मोटर असते, आवाज नाही तिला. प्र. ती पायाने फिरवते आणि बोट अशी ठेवते की प्रत्येकाची दोरी सरळ खाली राहील. दोरीला शिशाची गोळी, तिला गळ. शिसं तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, पुन्हा टेकवायचं. मासा ओढत नाही म्हणे, नुसतं जड लागतं. मला प्रत्येक वेळी जड लागलं. प्रत्येक वेळी दगड.

मग एकदा दगड हलला.

वॉलाय नाव माशाचं. अंगाने पिवळट, पाठीवर काटे, दात बारीक. पण डोळा! मोतीबिंदू झाल्यासारखा पांढरा. मी म्हटलं, "अगं, हा आंधळा आहे, सोड त्याला." गिऱ्हाइकांना इंग्रजीत सांगितलं तर ते खो खो हसले. प्र. म्हणाली की गढूळ पाण्यात या डोळ्याला बाकीच्या माशांपेक्षा जास्त दिसतं. उजेडाचाच त्रास होतो, म्हणून ऊन आलं की खोल जातो. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला मी कसा दिसत असेन?

गिऱ्हाईक तिला कॅप्टन प्रॅग म्हणतात. पूर्ण नाव येत नाही त्यांना.

दुपारकडे मोटर मंद पडली. बोट वाहायला लागली, सगळ्यांच्या दोऱ्या तिरप्या. मासे बंद. एक गिऱ्हाईक कुरकुरलं. प्र. हसत होती पण कान लाल झाले होते. लहानपणापासून तसेच होतात.

६ एप्रिल, रविवार

खांदे दुखतात. वैशालीने, म्हणजे सुनेने, रात्री तांदळाचं पीठ लावून मासा तळला. मिलिंदने कुठून आला ते विचारलं नाही. दोन तुकडे खाल्ले. तिसरा घेतला.

मी आपला बोलत सुटलो, मला शांतता सहन होत नाही. मोटर मंद पडली, बोट वाहिली, सगळं सांगितलं. प्र. वर खोलीत होती. मिलिंद ताटाकडे बघून म्हणाला, "बॅटरी किती व्होल्टची आहे?"

सहा महिन्यांत तिच्या कामाबद्दल पहिला प्रश्न! आणि मला उत्तर माहीत नाही. तो स्वतः कार कंपनीत बॅटरीचंच काम करतो. विचारून सांगतो म्हटलं.

७ एप्रिल, सोमवार

प्र.ला विचारलं. छत्तीस व्होल्ट, बारा-बाराच्या तीन. मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "नव्या की जुन्या?" पुन्हा वर गेलो. दोन नव्या, एक बोटीबरोबर आलेली जुनी. पुन्हा खाली. मिलिंदने कपाळावर हात मारला. "जुनी एक ठेवली? ती नव्यांनाही दमवणार! असं करतं का कुणी!"

हे वर जाऊन सांगायचं की नाही? नाही सांगितलं. गुडघे दुखतात असं म्हटलं.

एका घरात दोघं, मधे तेरा पायऱ्या, आणि निरोप्या मी. वैशाली भांडी लावता लावता म्हणाली, "बाबा, तुम्ही नव्हता तेव्हा हे काम मी करायची. आता तुम्ही सांभाळा."

९ एप्रिल, बुधवार

आज गिऱ्हाईक नव्हतं, प्र. मासे कुठे सरकलेत ते बघायला निघाली. मीही. मिलिंदचा नवा प्रश्न होता, विसरू नये म्हणून तळहातावर पेनने लिहून नेला.

नदीच्या मध्यावर असताना खिशातला फोन वाजला. कॅनडात आपले स्वागत आहे, असा मेसेज! मी पर्यटक व्हिसावर. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून आतल्या खिशात ठेवलाच होता, तो बाहेर काढून हातात धरला, कुणी आलं तर दाखवायला. म्हटलं, "प्रज्ञा, वळव. मला परत आत घेणार नाहीत."

"आजोबा, रिलॅक्स. टॉवर तिकडचा आहे. आपण अजून इकडेच आहोत."

"रेघ कुठे आहे पण?"

"पाण्यात रेघ नसते, यार. मॅपवर असते. बघा." तिने स्क्रीन दाखवली. खरंच रेघ होती, आणि आमची बोट अलीकडे. मासे दोन्हीकडे जातात म्हणे, माणसाला मात्र तिकडे गळ टाकायला त्यांचं लायसन्स लागतं. मग मासा कुणाचा? तिला हेही विचारलं. तिने खांदे उडवले.

या गडबडीत हात ओला झाला आणि मिलिंदचा प्रश्न पुसला. तारांबद्दल होता एवढं आठवलं. "तारा कशा जोडल्यात, असं काहीतरी."

ती मोटर बंद करून माझ्याकडे वळली. "कोण विचारतंय, तुम्ही की बाबा?"

खोटं बोलता येत नाही मला. "बाबा."

तिने मोटर पुन्हा सुरू केली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, कम अँड सी."

१३ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम, हॉलमध्ये. दीडशे-दोनशे माणसं असतील. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, जेवण झालं. पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलाला माझा आवाज बारीक झाला. तळलेला मासा आठवला. मासे खात आलोय जन्मभर, पण स्वतः ओढून काढणं वेगळं. प्र.ला विचारलं पाहिजे, तिला काय वाटतं.

दूर श्रूजबरी गावाहून आलेल्या एका काकूंनी मिलिंदला विचारलं, "मुलगी काय करते?"

"इंजिनिअर आहे," मिलिंद म्हणाला.

प्र. मागेच उभी होती, हातात खिरीची वाटी. ऐकलं तिने. काकूंकडे बघून हसली, "हाय आंटी," म्हणाली आणि वाटी टेबलावर ठेवून बाहेर गेली.

मिलिंदचा राग येत नाही मला. आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर तो. कंदिलाच्या उजेडात शिकला. त्याला वाटतं, वर चढवलेली पोर पुन्हा खाली चिखलात उतरली. पण मी बोट पाहिली आहे. गिऱ्हाईक मुकाट्याने तिचं ऐकतात. हे त्याला कोण सांगणार? माझं इंग्रजी तोडकं आणि त्याच्यासमोर माझं मराठीही तोडकं होतं.

"कम अँड सी" अजून पोचवलेलं नाही. आज तर शक्यच नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार

काल प्र.ची मोटर पुन्हा थकली. गिऱ्हाइकांना अर्धे पैसे परत केले, असं वैशालीकडून कळलं. येत्या शनिवारी कुणी येणार नाही, बुकिंग कॅन्सल झालं.

प्र.ला शीलाचं विचारलं. म्हणाली, अंडी असलेली मोठी मादी ती नेहमी सोडते. "बाकीचं मलाही माहीत नाही, आजोबा. मीही विचार करते." मला हे उत्तर आवडलं. माहीत नाही म्हणणारं माणूस या घरात दुसरं नाही.

दोनदा मिलिंदच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. तो म्हणेल, कामं आहेत. म्हणेल, तुम्ही मधे पडू नका, दादा. मला तो दादाच म्हणतो. असं म्हणाला तर मग काय उरलं?

१७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. चहा देताना सांगितलं. "तारा कशा जोडल्यात ते मला कळत नाही. ती म्हणाली, येऊन बघा."

"कधी म्हणाली?"

"मागच्या बुधवारी."

"दादा! आज सांगताय?"

मला रागावला की कुणाला, कळलं नाही. चहा पिऊन गॅरेजमध्ये गेला. खूप वेळ खुडबुड. मी खिडकीतून पाहिलं. तो बोटीजवळ गेला, ताडपत्रीचं टोक उचललं, पुन्हा ठेवलं. मालकिणीला विचारल्याशिवाय उघडलं नाही.

मग वरच्या खिडकीकडे बघून हाक मारली, "प्रज्ञा, शनिवारी बोट रिकामी आहे का?"

वरून, "आहे."

"लायसन्स लागतं ना?"

"ऑनलाइन मिळतं."

एवढंच. मी लगेच पडद्यामागे झालो.

१९ एप्रिल, शनिवार

उजाडताच गेले दोघं. मिलिंदने मीटर घेतला, तारा घेतल्या, डबा विसरला. प्र. म्हणाली, "आजोबा, या ना." मी म्हटलं गुडघा. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मिलिंद ड्रायव्हरच्या बाजूला गेला, तर प्र. आधीच तिथे बसलेली. "ट्रेलर मी ओढते, बाबा." तो वळसा घालून दुसऱ्या दाराने बसला.

आता दुपार टळली. मी दोघांनाही मेसेज केला. उत्तर नाही. वारा नाही, ऊन चांगलं आहे, म्हणजे मासे खोल गेले असतील. वैशाली म्हणते रेंज नसेल. मला वाटतं जुनी बॅटरी काढायची की नाही यावरून वाद झाला असेल. नाहीतर दोघंही गप्प बसून दोरीकडे बघत असतील. त्यातला कुणीच पहिला बोलणारा नाही, आणि आज मधे मी नाही.

अरे, मासा नाही मिळाला तरी चालेल. मोटरचं नंतर सांगा. बोलताय का, एवढंच कुणीतरी कळवा. एक ओळ पाठवा. लवकर पाठवा.