विमान भाडे : निरंक

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन चौदा महिने झाले. एवढा अनुभव वाया घालवणं देशाला परवडणारं नाही. बत्तीस वर्षं शहापूरला ऑफिसात आवक-जावक सांभाळली. आमच्या वैशाखरे गावात माझ्याइतकं सरकार आतून कुणी पाहिलेलं नाही.

आणि योगायोग बघा, आजच सरकार दारात. घरखर्चाच्या पाहणीत आमचं घर लागलं. सारिका म्हणून मुलगी आली होती. शहापूरची, कॉन्ट्रॅक्टवर, हातात टॅब. घरं कॉम्प्युटर निवडतो, त्यात कुणाचा वशिला चालत नाही, असं म्हणाली. म्हणजे वशिल्याशिवाय माझी निवड व्हायची ही पहिलीच वेळ. साठीला टेकल्यावर का होईना, गुण दिसले कुणाला तरी.

एकूण तीन फेऱ्या. आज खाणंपिणं, पुढच्या महिन्यात प्रवास वगैरे, शेवटी फ्रिज-टीव्ही. मीठ किती, तेल किती, घरचा तांदूळ किती. गावाची शान म्हणून बदाम महिन्याला एक किलो सांगितले. वंदना (पत्नी) आतून म्हणाली, ते दिवाळीचे आहेत आणि अजून संपले नाहीत. सारिकाने खोडलं.

संकल्प: पुढच्या फेरीला वंदना बाजाराला गेलेली असेल असं बघणे.

१३ फेब्रुवारी

पेपरात महत्त्वाची बातमी. महागाई मोजताना विमानाच्या तिकिटांचे भाव आता थेट वेबसाइटवरून घेणार. दोनदा वाचली. लोक ज्याच्यावर जास्त खर्च करतात त्याला महागाईच्या हिशेबात जास्त वजन. आणि लोक कशावर किती खर्च करतात हे कळतं कसं? घरोघर विचारून. म्हणजे सारिकाच्या टॅबमधून. म्हणजे माझ्यातून.

थोडक्यात, विमानाला वजन आहे, वैशाखऱ्याला नाही. हे बदलायला हवं.

नवशाला (शेजारी, भात, नाचणी, दोन म्हशी) समजावून सांगितलं. त्याचंही घर पाहणीत आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "इमान रोज आमच्या घरावरनं जातं. भाडं तेच्याकडनं घ्यायचं असंल त सांगा."

या पातळीवर संवाद शक्य नाही.

६ मार्च

शालनताई बाथरूममध्ये पडल्या. वंदनाची थोरली बहीण, नागपूरला एकट्याच असतात. खुब्याचं ऑपरेशन झालं. आई लवकर गेल्यामुळे वंदनाला त्यांनीच वाढवलेलं. वंदना कालपासून धड जेवली नाही.

अपेक्षाचा (कन्या, बदलापूर, बँकेत) फोन. बुधवारचं कल्याणहून रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळतंय, आईचं काढू का? मी ठाम नको म्हटलं. विमानाने जायचं. दोघांनी. वंदना म्हणाली, मला रेल्वे चालेल. प्रश्न तिला काय चालतं हा नाही. प्रश्न धोरणाचा आहे.

लगेच ताईंना फोन करून कळवलं, पंधराला, रविवारी, विमानाने येतो. त्या रडल्या. विमानाचा परिणाम.

संध्याकाळी विहारात चौदा एप्रिलची मीटिंग. मंडपाचा विषय चालू होता, त्यात मी ओघाने सांगितलं. मंडप राहिला बाजूला.

७ मार्च, सकाळी ९

मुंबई–नागपूर, माणशी ४६००. आज घेणं मूर्खपणा. भाव मंगळवारी पडतात असं नेटवर वाचलं. मी आकड्यांतला माणूस आहे. थांबणार.

१० मार्च, मंगळवार

भाव ५१००. हा मंगळवार अपवाद दिसतो.

सारिका आली. वंदना मुरबाडला बाजारात. (नियोजन.) रिक्षा, एसटी, पेट्रोल, मोबाइल रिचार्ज सगळं नीट सांगितलं. मग तिने वाचलं: गेल्या तीस दिवसांत विमान भाडे? आणि उत्तराची वाट न बघता बोट शून्याकडे नेलं.

हे मला लागलं.

मी म्हटलं, थांब. दोन तिकिटं, मुंबई–नागपूर, नऊ हजार दोनशे. तिने वर बघितलं. कधी गेलात काका, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मागच्या महिन्यात. मेव्हणी आजारी. तिने टाइप केलं. तिच्या सगळ्या घरांत विमानाचं हे एकच, म्हणाली. मी कॉलर नीट केली. काही गोष्टी बोलायच्या नसतात.

हे खोटं नाही. तिकीट घ्यायचंच आहे. आकडा आधी, प्रवास नंतर. सरकारी कामात हा क्रम नवीन नाही.

१२ मार्च

५८००. पंधरा तारीख रद्द. ताईंना फोन करून बावीस सांगितली. हरकत नाही म्हणाल्या. वॉर्डातल्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलंय, माझी बहीण विमानाने येणार आहे. नर्सलाही.

वंदना फोननंतर बराच वेळ वाल सोलत बसली. वाल फार नव्हते.

१४ मार्च

सारिकाचा फोन. आवाज बारीक. आमच्या घरासमोर टॅबमध्ये लाल खूण आली. आजूबाजूच्या गावांतल्या कुठल्याच घरात विमान नाही, आमच्याकडे एकदम नऊ हजार. ठाण्याहून सुपरवायझर मॅडम तपासायला येणार, सत्तावीसला. काका, तिकिटाचा मेसेज असेल तर जपून ठेवा, म्हणाली. मागे एका मुलीने घरी बसून फॉर्म भरले होते, तिला काढलं. हिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर रिन्यू व्हायचंय.

तिला सांगितलं, निश्चिंत राहा, मी आहे.

लाल खूण म्हणजे आपण सरासरीत बसत नाही. हे मला शाळेपासून माहीत होतं.

योजना: सत्तावीसच्या आत तिकीट काढणे, जाऊन येणे. मग मॅडमना मेसेज दाखवणे. तारीख थोडी पुढे-मागे. तारखेचं मी सांभाळून घेतो. बत्तीस वर्षं तेच केलं.

१६ मार्च

६३००. मी बघतो म्हणून भाव वाढतो, असा संशय. माझ्या फोनला माझी गरज कळली आहे. वंदनाच्या फोनवरून बघितलं: ६३००. त्यालाही कळली असणार. नवशाकडे बटणांचा फोन. त्याचा उपयोग नाही, पण चौकशी केली. तो म्हणाला, जायचंय त एसटीनी जावा ना.

१९ मार्च, पाडवा

४३५०!!

दोनदा खात्री केली. वंदनाला दाखवलं. ती पहिल्यांदाच हसली, हात पुसून जवळ आली, म्हणाली घ्या मग. मी तिला शांतपणे समजावलं: आलेख खाली चाललाय. सहा हजार तीनशेवरून चार हजार तीनशे पन्नास म्हणजे रविवारपर्यंत सरळ तीन हजारांच्या आत. घाईने घेणारा तोच फसतो.

ती गुढीपाशी गेली. पटलं असावं.

२० मार्च

७९००.

२१ मार्च

७९००. साइट बिघडली असावी.

ताईंना फोन करायचा होता, बावीस जमत नाही म्हणून. वंदनाला म्हटलं, तू कर. तिने फोन माझ्याकडे सरकवला. मी केला. ताई म्हणाल्या, काम असेल कमळाकरराव, तुमच्यासारख्या माणसाला कामं असतात. हे टोमण्याने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच तसं मानतात.

२४ मार्च, मंगळवार

८४००. मंगळवारचा सिद्धान्त मागे घेत आहे.

आता दोघांचे सोळा हजार आठशे, तेही फक्त जाण्याचे. पैसे नाहीत असं नाही. पण ४३५० बघितलेल्या माणसाने ८४०० देणं म्हणजे महागाईला शरण जाणं. सरकारने तिकिटांचे भाव मोजून काय उपयोग, थांबवा ना. पत्र लिहावं म्हणतो.

सारिकाचा मेसेज: काका, मेसेज सापडला का? उत्तर दिलं नाही. ड्राफ्ट विचारपूर्वक करायला हवा.

२६ मार्च

वंदनाने माळ्यावरून बॅग काढली. कुठे, म्हणून विचारलं. नागपूरला, म्हणाली. अपेक्षाने परवाचं रेल्वेचं काढलंय, स्लीपर, एक. मी म्हटलं, आणि विमान? तिने साड्या ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "ताईचं हाड भाव उतरायची वाट बघत नाय."

उद्या मॅडम येणार. वंदनाला म्हटलं, विमानाचा विषय निघाला तर जरा सांभाळून घे. कसला विषय, तिने विचारलं. मग सगळं सांगावं लागलं. ती ऐकत होती. मधेच बॅगेची चेन लावायची थांबली आणि विचारलं, त्या पोरीचं काय होईल? मी म्हटलं, काही होत नाही, सिस्टिममध्ये अशा गोष्टी जिरतात.

रात्रीचं जेवण एकट्याने.

२७ मार्च, शुक्रवार

थोडक्यात नोंद: पाहणीतील एका आकड्याची तांत्रिक दुरुस्ती केली.

सविस्तर नोंद अशी. अकराला जीप आली. सुपरवायझर मॅडम पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, बोलणं कमी. सारिका मागे, टॅब छातीशी धरून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी खुर्च्या मांडल्या आणि विमानभाड्यातील चढउतार या विषयावर प्रास्ताविक सुरू केलं. मॅडमनी पाणी पिऊन ग्लास ठेवला आणि मला नाही, सारिकाला विचारलं: त्या दिवशी इथे किती वेळ बसलीस? घरात कोण होतं? नऊ हजार दोनशे हा आकडा कुणी सांगितला? सारिका म्हणाली, काकांनी. मॅडम म्हणाल्या, सगळ्याजणी असंच सांगतात.

मग वंदनाला विचारलं, ताई, तुम्ही गेला होतात ना नागपूरला? वंदना उंबऱ्यात उभी. बॅग तिच्या मागेच होती. ती म्हणाली, "मी उद्या जायाचीय. रेल्वेनी." बस. आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, पुढचंही तीच सांगेल. बत्तीस वर्षं तीच सांगत आलीय.

मॅडमनी टॅब मागितला. सारिकाने दिला. देताना तिने तो ओढणीने दोनदा पुसला. असल्या गोष्टी मला दिसतात, निरीक्षण आहे माझं.

मी म्हटलं, "मॅडम, मी खोटं सांगितलं. आम्ही कधीच विमानात बसलेलो नाही. पोरगी इथेच होती, पाऊण तास. तिने मी सांगितलं तेच लिहिलं."

प्रास्ताविकात हे नव्हतं.

वाटलं, आता नोटीस. दंड. किमान गावात चर्चा. मॅडमनी आकडा पुसला, टॅब सारिकाला परत दिला, पुढचं घर कुठलं म्हणून विचारलं. मला राहवलं नाही. म्हटलं, माझ्यासारखी केस तुमच्याकडे पहिलीच असेल. त्या चपला घालत होत्या. म्हणाल्या, "अहो काका, दर गावात एक निघतो. मुरबाडच्या बाजूला एकाने तर घोडा लिहायला लावला होता."

सारिका जाताना थँक्यू काका म्हणाली. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

दर गावात एक. म्हणजे मी सरासरीच.

२८ मार्च

वंदना गेली. मी कल्याणपर्यंत येतो म्हटलं. ती म्हणाली, नको, अपेक्षा तिथे भेटणार आहे. नवशाने तिला बाइकवरून मुरबाडला सोडलं. बॅग मीच बाइकला बांधली. नवशाने ती सोडून परत बांधली.

डाळ-भात केला. डाळ राहिली कच्ची.

३० मार्च

संकल्प: (१) तिकिटांचे भाव बघणे बंद. (२) सकाळी चालणे. (३) खरं बोलणे, निदान सरकारशी.

सकाळी बघितलं: ३९००. फक्त माहितीसाठी.

३१ मार्च, दुपारी १२

शालनताईंचा फोन. आवाजात जोर आलाय. काल चार पावलं टाकली, वंदनाचा हात धरून. मी बरं म्हटलं. मग म्हणाल्या, कमळाकरराव, तुमचे उपकार आहेत. एवढे पैसे घालून तिला विमानाने पाठवलंत. खिडकीची सीट मिळाली, ढग खाली दिसत होते, सगळं सांगितलं तिने. अख्खा वॉर्ड ऐकत होता.

मागे वंदनाचा आवाज येत होता, कुणाला तरी औषधाची वेळ विचारत होती. ती फोनवर आली नाही.

मी म्हटलं, हो. मिळाली खिडकी.

ताईंनी कौतुकाने विचारलं, तिकीट कितीला पडलं हो?

४६००, ५१००, ५८००, ६३००, ४३५०, ७९००, ८४००, ३९००. सगळे भाव तोंडपाठ आहेत मला.

म्हटलं, ताई, आवाज येत नाही, इथे रेंज नाही. आणि फोन ठेवला.

रेंज फुल होती.