नंबर दोनचं शटर

नारायणगुडा, हैदराबाद
शनिवार, २३ मे २०२०

चि. सौ. भामास,

तुझ्या थोरल्या जावेचे, त्रिवेणीअक्काचे, आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवशील अशी मला धास्ती आहे. ठेवलंस तरी फाडू नकोस, आत कामाचे कागद आहेत.

तुझ्या आईंची तब्येत कशी आहे? तुझी मृण्मयी म्हणाली, आता भिंत धरून न्हाणीपर्यंत जातात. दुपारी त्यांना पन्हं देत जा, मीठ जरा जास्त घालून. नांदेडचं ऊन म्हणजे तापला तवा. मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून आईंना बघायला गेलीस आणि दोन महिने तिकडेच अडकलीस. भाऊजी बरे आहेत. स्वयंपाक शिकलेत. लेक म्हणते, बाबांच्या वरणात चमचा उभा राहतो.

तुझ्या शटरपुढची तुळस जगली आहे. सगळं बंद होतं तेव्हाही दूध आणायला जाता-येता मी तांब्याभर पाणी घालत होते. हे उपकार म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचंय त्याच्या आधी काहीतरी बरं सांगावं, एवढंच.

या मंगळवारपासून आपल्या ओळीतली दुकानं उघडली. सोमवारी बल्दियाचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस आला होता. यादगिरी नाव. एका हातात रंगाचा डबा, काखेत वही. त्यानं दुकानांपुढे पांढरी वर्तुळं काढली, गिऱ्हाइकानं त्यात उभं राहायचं. मग शटरांवर नंबर टाकत गेला. एक, दोन, एक, दोन. एकवाल्यांनी आज उघडायचं, दोनवाल्यांनी उद्या, म्हणजे लगतची दोन दुकानं एकाच दिवशी उघडी नकोत. नियमांचा कागद दिला तो तेलुगूत. ओळीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. बसच्या पाट्या बघून शिकलेली माझी तेलुगू, पण वासरांत लंगडी गाय शहाणी.

आपल्या धंद्यासाठी त्यात असं होतं की गिऱ्हाइकाच्या अंगाला फीत लावायची नाही. जुन्या कपड्यावरून किंवा लिहून ठेवलेल्या मापावरून शिवायचं. आणि ज्यांचं दुकान यादीत आहे, त्या शिंप्यांना वॉर्ड ऑफिसातून मास्क शिवायचं काम मिळणार. परगावी अडकलेल्यांना परत यायला पास काढायचा तर चिठ्ठीही त्याच यादीवरून.

माझ्या शटरवर एक नंबर पडला. तुझ्या शटरवर काहीच पडलं नाही. वहीत ते रिकामं म्हणून लिहिलं गेलं.

मंगळवारी उघडलं तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं ते तुझं मशीन बंद असणं. सात वर्षं मधल्या प्लायवूडमधून ते ऐकत आलेय. तुझं मशीन भरधाव सुटलं की माझा पाय आपोआप जोरात चालतो, हे तुला ठाऊक नसेल. शाळा उघडायच्या दिवसांत तू गणवेशांच्या ढिगात आणि मी ब्लाउजांच्या ढिगात, बोलणं नाही चालणं नाही, पण शर्यत रोजची. आणि दर दसऱ्याला फळीखालच्या फटीतून तू आपट्याचं पान सरकवतेस. मी कधी काही म्हटलं नाही. सातही पानं मशीनच्या खणात आहेत.

परवा, गुरुवारी, मृण्मयी आली. उन्हातून, तोंडाला ओढणी बांधून. वर्तुळात उभी राहून म्हणाली, "मोठीआई, आईच्या पासची चिठ्ठी रिजेक्ट झाली. तो ऑफिसवाला बोलतो, रेकॉर्डमध्ये शॉप व्हेकंट आहे. मग आई काय इतकी वर्षं रस्त्यावर शिवत होती काय?"

मी म्हटलं, "चूक झाली असेल कुणाची."

"कुणाची पण होऊ दे, ती दुरुस्त कोण करणार? तीस तारखेला लिस्ट क्लोज होते. मग ना पास, ना शॉप. तुम्ही बाजूलाच असता ना, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात."

तुमचं ऐकतात, म्हणाली. तिला पाणी दिलं. तिनं लांबूनच, तोंड न लावता, वरून प्यायलं आणि गेली. मी मशीनवर बसले आणि एका मास्कला चारही नाड्या एकाच बाजूनं शिवल्या.

भामा, वर मी लिहिलंय की वहीत लिहिलं गेलं. तसं नाही. मी लिहवलं.

यादगिरीनं मला सरळ विचारलं होतं, "बाजू का शटर किसका है अम्मा?" त्याआधी तो सांगून चुकला होता की शेजार रिकामा असेल तर तुम्ही रोज उघडलं तरी चालेल, आणि मास्कचं सगळं काम तुम्हाला एकटीला. मी म्हटलं, "खाली पडा है बाबा." किती सहज निघालं तोंडातून. गिऱ्हाइकाला, ब्लाउज उद्या देते म्हणतो ना आपण, तितकं सहज. त्यानं तुझ्या तुळशीकडे बघितलं. "ये झाड?" मी म्हटलं, "मेरा है."

दोन महिने मशीन चाललं नव्हतं, घरात बसून हात शिवशिवत होते, भीती वाटत होती की आता पुन्हा कुणी कपडे शिवणारच नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण पोटातलं कारण निराळं. मामंजी गेल्यावर तू एकच गोष्ट मागितली होतीस. त्यांची मापांची वही दोघींची असू दे, म्हणालीस. मी म्हटलं, थोरली मी, वही माझ्याकडे राहील. त्यावरून मध्ये फळी आली, एका दुकानाची दोन झाली. मापांवाचून तू नव्यानं गिऱ्हाईक जोडलंस, शाळा जोडल्यास, आणि माझ्यापेक्षा पुढे गेलीस. ते मला सात वर्षं गिळवलं नाही. सोमवारी संधी आली आणि मी तुला पुसून टाकलं.

काल सकाळी पायी वॉर्ड ऑफिसला गेले. वाटेत दोनदा परत फिरले. एकदा तर हिमायतनगरच्या कोपऱ्यापर्यंत माघारी आले होते.

यादगिरी म्हणाला, "आपीच तो बोले थे, खाली है."

"झूट बोली थी बाबा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "लिख के देते?"

"देती."

"सोच लो अम्मा. लिख के दिये तो आपका नंबर भी रुकेगा. काम दूसरे को जाएगा."

माझ्या हातून कागद दोनदा बिघडला. शेवटी तेलुगूतच लिहिलं, मोठ्या मोठ्या अक्षरांत, की शेजारचं दुकान माझ्या धाकट्या जावेचं, भामाचं आहे, फळी येण्याआधीपासून धरून अठरा वर्षं ती इथे शिवते आहे आणि मी खोटं सांगितलं. त्यानं शिक्का मारला आणि तुझ्या पासची चिठ्ठी तिथल्या तिथे दिली. निघताना मागून म्हणाला, "चुप बैठते तो किसको मालूम होता?"

"मेरे को मालूम था ना बाबा."

दुपारी येऊन त्यानं तुझ्या शटरवर दोन नंबर टाकला. माझ्या एकवर आडवी रेघ मारली. ओळीतले सगळे बघत होते. कोपऱ्यावरचा चपलावाला म्हणाला, "क्या हुआ अम्मा?" मी सांगितलं काय झालं ते. आज सकाळी त्यानं सलाम केला नाही.

माझं दुकान कालपासून बंद आहे. बाराशे मास्कचं कापड कापून टेबलावर पडलंय, ते सोमवारची ईद झाली की मंगळवारी ऑफिसवाले उचलून नेतील. मृण्मयीला मी घरी जाऊन सगळं सांगितलं. भाऊजी आत निघून गेले. चिठ्ठीचा फोटो तिनं तुला पाठवला असेलच, तरी अस्सल या पाकिटात आहे. मामंजींची वही मी तिच्याकडे दिली. आता फीत लावायची नाही, तर त्या वहीसारखी चीज नाही. जुनी गिऱ्हाइकं त्यात सगळी आहेत, आपली दोघींची. पहिल्या पानावर मामंजींनी तुझं माप लिहिलंय, नवी नवरी आलीस तेव्हाचं. ते बघून घे.

पाकिटात दुसराही एक कागद आहे. दुकानाचा परवाना मामंजींच्या नावचा, एकच. म्हणून यादगिरीनं सांगितलंय की माझा नंबर परत द्यायचा की नाही हे शेजारच्या दुकानदारानं लिहून द्यायचं. हरकत आहे किंवा हरकत नाही. तीस तारखेच्या आत. दोन्हींपुढे चौकट आहे. खाली सहीची जागा.

मी त्यावर पेन्सिलीचीसुद्धा खूण केलेली नाही. तू आलीस की तुझं शटर उघड. तुळशीला पाणी मी घालीनच, बाहेरून.

आईंना नमस्कार सांग. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, किंवा कळू दे, तुला वाटेल तसं.

फळीच्या या बाजूची,
त्रिवेणी